ज्ञान मागणं आणि चिन्ह मागणं, एकच वाटतं पण नाहीये

"प्रभू, ही नोकरी तुझ्या इच्छेत असेल तर शुक्रवारच्या आत फोन येऊ दे." अशी प्रार्थना विश्वासणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी केलेली असते आणि करताना वाटतं की आपण देवाकडे ज्ञान मागतोय. पण हे ज्ञान मागणं नाही, चिन्ह मागणं आहे. दोन्हीत देवावर विसंबणं असतं म्हणून गोंधळ होतो. चिन्ह मिळालं की निर्णय आपल्यावरून सुटतो, ज्ञान मिळालं तरी निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो, फक्त आता नीट दिसत असतं.

चिन्हाचं नाव काढलं की बायबलमधल्या गिदोनाची लोकर येतेच. त्याने देवाकडे चिन्ह मागितलं, एका रात्री दवाने लोकर ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री उलट. पण शास्ते या पुस्तकाचा ६ वा अध्याय पूर्ण वाचा ना. मिद्यानी लोकांपासून इस्राएलाला सोडव हे देवाने त्याला आधीच सांगितलेलं होतं, आणि लोकर ठेवतानाही तो 'तू म्हणाला होतास तसं' असंच बोलतो, म्हणजे काय करायचं ते त्याला माहीत होतं, धीर तेवढा नव्हता. दुसऱ्यांदा मागताना तर 'माझ्यावर रागावू नको' असंही म्हणतो बिचारा. देवाने त्याला सांभाळून घेतलं हे मला फार भावतं, पण निर्णय असेच घ्या असं त्या अध्यायात कुठेही लिहिलेलं नाही.

आता इस्राएलाचा राजा शलमोन बघा, १ राजे या पुस्तकाचा ३ रा अध्याय. गिबोनला स्वप्नात देव म्हणतो, काय हवं ते माग, आणि हा मागतो ते मूळ हिब्रूत 'ऐकणारं हृदय' असं आहे, लोकांचा न्याय करता यावा म्हणून. लगेच पुढे दोन बायका येतात, बाळ एक आणि दोघी म्हणतात माझंच, घरात तिसरं कोणीच नव्हतं म्हणून साक्षीदार नाही. देवाने स्वर्गातून खरी आई दाखवली असती तर चिन्ह झालं असतं. तसं काही होत नाही, शलमोन दोघींचं ऐकतो, तलवार मागवून बाळाचे दोन भाग करा म्हणतो आणि मग कोण काय बोलते ते परत ऐकतो. मागितलं तेच वापरलं त्याने.

एक अडचण भाषेचीही आहे. 'कोणाला ज्ञान कमी असेल तर त्याने देवाकडे मागावं' हे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचं वचन, याकोब १:५, मराठीत वाचताना 'ज्ञान' शब्द येतो आणि आपल्याला माहिती, उत्तर असं काहीतरी वाटतं, पण ग्रीकमध्ये तिथे सोफिया आहे, म्हणजे शहाणपण, कसं वागायचं त्याची समज. आणि ते वचन येतं कुठे, तर संकटं आणि धीर यांच्याबद्दल बोलून झाल्यावर लगेच.

मग चिन्ह मागणं पापच का? नाही हो. यशया ७ मध्ये देव स्वतः आहाज राजाला चिन्ह माग म्हणतो, तो भक्तीचा आव आणून नको म्हणतो आणि त्यालाच बोलणी बसतात. पण मंडळीचं, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचं, पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. प्रेषितांची कृत्ये १ मध्ये यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाला चिठ्ठ्या टाकून निवडलं, दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा आला, आणि त्यानंतर नव्या करारात मंडळीने चिठ्ठ्या टाकल्याचं कुठेच येत नाही. १५ व्या अध्यायात परराष्ट्रीयांची, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांची, सुंता करायची का हा केवढा मोठा प्रश्न, पण तिथे बराच वादविवाद होतो, पेत्र बोलतो, बर्णबा आणि पौल अनुभव सांगतात, याकोब शास्त्र काढतो, आणि पत्रात लिहितात की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटलं. 'व आम्हाला' हे दोन शब्द मला दर वेळी थांबवतात.

चिन्हाकडे आपण बहुतेकदा भीतीने वळतो, चुकलो तर काय, देव काय म्हणेल. त्या याकोब १:५ मध्येच पुढे आहे की देव उदारपणे देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही, म्हणजे कालच मागितलेलं आज परत मागितलं तरी चालतं.