हौशी शेअर ट्रेडिंग

नोकरी-व्यवसाय सांभाळून, स्वतःच्या पैशाने आणि फावल्या वेळात केलेली शेअरची अल्पमुदतीची खरेदी-विक्री. शेअर घेतला त्याच दिवशी विकला तर तो इंट्राडे सौदा. काही दिवस ते काही आठवडे ठेवला तर स्विंग ट्रेडिंग. दिवसभर स्क्रीनसमोर बसणे शक्य नसल्याने हौशी मंडळींना बहुधा स्विंगच सोयीचे पडते. कंपनीच्या ताळेबंदापेक्षा इथे भिस्त असते ती भाव, व्हॉल्यूम (किती शेअरची उलाढाल झाली तो आकडा) आणि चार्टवर.

दलाली घटली तसा हा छंद सामान्यांच्या आवाक्यात आला. अमेरिकेत १ मे १९७५ रोजी ठरावीक दलालीची पद्धत बंद झाली. १९९०च्या दशकात इंटरनेटवरून सौदे होऊ लागले. २०१९ मध्ये तिथल्या बड्या ब्रोकरांनी शेअरवरची दलाली शून्यावर आणली.

दलाली शून्य झाली म्हणून सौदा फुकट होत नाही. खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक, कर आणि मार्केट ऑर्डरला, म्हणजे मिळेल त्या भावाने केलेल्या सौद्याला, मिळणारा प्रतिकूल भाव हे खर्च उरतातच. समजा, शेअर १०० ला घेतला, स्टॉपलॉस (भाव इतका घसरला की तोटा सोसून विकायचे) ९८ आणि टार्गेट (नफा घेऊन विकायचा भाव) १०४. खर्च धरला नाही तर तीनपैकी एक सौदा साधला तरी बरोबरी होते. दर सौद्यामागे अर्धा रुपया (किंवा अर्धा डॉलर) खर्च धरा, की बारापैकी पाच साधावे लागतात. शिवाय शेअर रातोरात पडून सकाळी ९३ ला उघडला, तर स्टॉपलॉस ९८ चा असूनही विक्री ९३ च्या आसपासच होते.

अमेरिकेतील ६६,४६५ कुटुंबांच्या १९९१ ते १९९६ मधील खात्यांचा बार्बर आणि ओडीन या संशोधकांनी अभ्यास केला. सर्वाधिक सौदे करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के परतावा मिळाला, बाजाराने १७.९ टक्के दिला. गंमत म्हणजे खर्च वजा करण्यापूर्वी त्यांचा परतावा इतरांच्या जवळपासच होता. मार बसला तो वारंवार केलेल्या सौद्यांच्या खर्चाचा.

दुसरी खोड स्वभावातली. नफा दिसताच विकायचे आणि तोट्यातला शेअर 'भाव येईल' म्हणून धरून ठेवायचा. शेफ्रिन आणि स्टॅटमन या संशोधकांनी १९८५ मध्ये तिची मांडणी केली. स्टॉपलॉस खाली सरकवत नेणे हे तिचेच रूप. असा स्विंगचा सौदा बघता बघता नाइलाजाने दीर्घ मुदतीची गुंतवणूक होऊन बसतो. म्हणून मुरलेले ट्रेडर खरेदीचे कारण आणि बाहेर पडायचा भाव ऑर्डर टाकण्याआधीच वहीत लिहून ठेवतात, आणि एका सौद्यात भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक धोका पत्करत नाहीत. मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरच्या उसन्या पैशावर, केलेल्या सौद्यात मात्र तोटा घातलेल्या रकमेपलीकडेही जाऊ शकतो.