जुन्या जिप्सीचा दुसरा दांडा

जुन्या मारुती जिप्सीत बसले की गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा दिसतो. त्याच्या मुठीवर २एच, ४एच, एन आणि ४एल अशी अक्षरे कोरलेली असतात. आकडा म्हणजे इंजिन किती चाके फिरवते ते (दोन म्हणजे फक्त मागची), एच म्हणजे हाय, नेहमीच्या वेगाची जोडणी, एल म्हणजे लो, संथ पण जोरदार जोडणी, आणि एन म्हणजे न्यूट्रल. गाडीचे बहुतेक आयुष्य २एचमध्ये जाते, पावसाळ्यात कधीतरी ४एच लागते, आणि ४एलकडे मात्र अनेक मालक वर्षानुवर्षे फिरकतही नाहीत. गाडी रुतली की हा दांडा ओढायचा आणि इंजिनाची ताकद वाढवायची, एवढीच त्याच्याविषयीची समजूत असते. ती अपुरी आहे, कारण इंजिन तेच राहते आणि त्याची शक्तीही तेवढीच राहते. बदलतो तो त्या शक्तीतला वेग आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळजोर, यांचा वाटा.

एमपीएफआय, म्हणजे इंधन-फवारणीच्या, जिप्सी किंग या मॉडेलच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाचा कमाल टॉर्क १०३ न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला ४,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. खडकाळ चढावर गाडी माणसाच्या चालीने न्यायची असते, पण तेवढ्या कमी वेगात हे इंजिन फेऱ्यांअभावी दमते. मग चालक अर्धवट क्लच धरून गाडी ओढतो आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास येऊ लागतो. इथे ट्रान्सफर केस, म्हणजे या दुसऱ्या दांड्याने चालणारी, गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पोहोचवणारी दात्यांची पेटी, उपयोगी पडते. जिप्सी किंगमध्ये तिचे हाय गुणोत्तर १.४०९ आणि लो गुणोत्तर २.२६८ आहे, म्हणजे ४एलमध्ये चाकांपर्यंत पोहोचणारा टॉर्क सुमारे १.६ पट होतो आणि त्याच इंजिनफेऱ्यांना गाडीचा वेग तेवढ्याच प्रमाणात उतरतो. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर सोडले तर हायमध्ये गाडी ताशी साधारण सहा किलोमीटरने चालते आणि लोमध्ये पावणेचार किलोमीटरने. आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढचे चाक नेमक्या कोणत्या दगडावर टेकवायचे हे ठरवायला लागणारा वेळ त्यातूनच मिळतो.

मला स्वतःला ४एल उतारावर अधिक मोलाचे वाटते. एका श्रावणात सह्याद्रीतल्या एका कच्च्या वाटेने उतरताना वरचा मातीचा थर वाहून गेला होता आणि सुट्या गोट्यांवरून चाके घरंगळत होती. ४एल आणि पहिला गिअर टाकून मी दोन्ही पाय पेडलांवरून काढून घेतले. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी एका लयीत, जणू कोणी मागून दोर धरला आहे अशी, खाली उतरत राहिली. चाके इंजिनाला फिरवू पाहतात आणि इंजिन त्यांना रोखते, लो गुणोत्तरामुळे हा रोध वाढतो आणि तो चारही चाकांत वाटला जातो. उतारावर गाडीचे वजन पुढे सरकते आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी २एचमध्ये इंजिनाचा सगळा रोध त्या हलक्या चाकांवरच पडतो आणि गाडीचा मागचा भाग आडवा जाऊ शकतो. या उतारावर क्लच दाबणे सर्वांत धोक्याचे, कारण इंजिनाचा धरलेला हात त्या क्षणी सुटतो. चाके न फिरता घसरू लागली, तर मनाविरुद्ध वाटले तरी ॲक्सिलरेटर किंचित दाबावा, म्हणजे चाके पुन्हा फिरू लागतात आणि स्टिअरिंग ऐकू लागते.

चिखलात मात्र ४एलचा पहिला गिअर बहुधा चुकतो. जमिनीची पकड जेवढा टॉर्क पेलते त्याहून अधिक दिला की चाक जागच्या जागी फिरून खड्डा करते, म्हणून तिथे दुसरा किंवा तिसरा गिअर बरा. शिवाय दोन्ही आसांचे डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे दातेसंच, साधे, लॉक न होणारे असल्याने पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले, तर ४एलमध्येही गाडी हलत नाही.

कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच किंवा ४एल वापरू नये. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात, पण या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या आसांमधला डिफरन्शियल नसल्याने त्यांच्याकडे जाणारे पुढचा आणि मागचा शाफ्ट (फिरते दांडे) एकाच गतीने फिरतात. मातीत चाक थोडे घसरून हा फरक मोकळा होतो. डांबरावर तो शाफ्ट आणि दात्यांमध्ये पीळ बनून साठतो, स्टिअरिंग जड होते आणि दांडा अडकून बसतो. तेव्हा जोर लावू नये. गाडी काही मीटर सरळ मागे घेतली की पीळ सुटतो आणि दांडा सहज येतो.

४एल टाकताना गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबावा, चालत्या गाडीत दाते करकरतात. ज्या जिप्सींच्या पुढच्या चाकांना हाताने लॉक करायचे हब (चाक आसाशी जोडणारे किंवा मोकळे सोडणारे मधले भाग) आहेत, त्यांत ते आधी फिरवून घ्यावेत. हब मोकळे राहिले तर वाढलेला सगळा टॉर्क एकट्या मागच्या आसावर येतो आणि आतला शाफ्ट तुटण्याची भीती असते. जुन्या गाडीत न वापरल्याने दांड्याची जोडणी गंजून आखडते, म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या मैदानावर शे-दोनशे मीटर ४एलमध्ये गाडी चालवावी, आणि गिअरबॉक्सचे तेल बदलताना ट्रान्सफर केसचेही आठवणीने बदलावे, कारण जिप्सीत ती गिअरबॉक्सपासून वेगळी, मागे एका छोट्या शाफ्टने जोडलेली असते आणि तिचे तेलही स्वतंत्र असते.