'वारंवार' या शब्दाचा घोळ : एडिटरमधील हाताशी ठेवलेल्या फायलींची पार्श्वभूमी

निओव्हिम या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये एका कळीसरशी ठरावीक फाइल समोर आणणाऱ्या प्लगइनचे (जोड-प्रोग्रामचे) मूळ १९७६ च्या व्हीआय या एडिटरपर्यंत नेता येते. फाइलीतील जागेला एका अक्षराची खूण लावण्याची सोय त्यात होती आणि पुढे त्याच्या व्हिम या सुधारित रूपात कॅपिटल अक्षराची खूण थेट दुसऱ्या फाइलीत नेऊ लागली. ही खूण मात्र जागेची होती, फाइलीची नव्हती; काम पुढे सरकले तरी ती खूण लावलेल्या जुन्या ओळीवरच नेई. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरने २००१ मध्ये अलीकडच्या फायलींची यादी दिली, तर टेक्स्टमेट या एडिटरमुळे नावातील चार अक्षरे टाकून फाइल शोधण्याची सवय लागली.

वारंवार लागणाऱ्या फायली यंत्राने आपोआप वर आणायच्या म्हटल्यावर खरा घोळ 'वारंवार' या शब्दाने घातला. वारंवार म्हणजे एकूण किती वेळा, की इतक्यात किती वेळा? २००८ च्या फायरफॉक्स ३ या ब्राउझरने पत्त्याच्या पट्टीसाठी दोन्हींची सांधेजोड करून 'फ्रिसेन्सी' (फ्रीक्वेन्सी अधिक रीसेन्सी) हा शब्द रूढ केला आणि पुढे एडिटरच्या प्लगइननीही तो उचलला. वेबपानाला दिलेली भेट चार दिवसांच्या आतली असेल तर १०० गुण, चौदा दिवसांपर्यंत ७०, एकतीसपर्यंत ५०, नव्वदपर्यंत ३० आणि त्याहून जुनी असेल तर १०, असा मूळ हिशोब होता. भेटीच्या प्रकाराचे बारकावे सोडले, तर शेवटच्या दहा भेटींच्या सरासरी गुणांना एकूण भेटींनी गुणले जाई, आणि मेख या गुणाकारातच आहे.

नागपुरात हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्नांची संगणक प्रणाली सांभाळणाऱ्याचे उदाहरण घेऊ. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ४०० वेळा उघडलेली फाइल त्याने पुढे उघडलीच नाही, तरी हेच सूत्र लावल्यास फेब्रुवारीअखेर तिचे गुण ४०० गुणिले ३०, म्हणजे १२,००० भरतात; चालू आठवड्यात ४० वेळा उघडलेल्या फाइलीला मात्र ४,००० वरच थांबावे लागते. अधिवेशन उठून दोन महिने झाले तरी त्याची फाइल यादीच्या डोक्यावर बसून राहते. यंत्र मोजते ते बरोबरच असते, पण माणसाच्या हातात आज कोणते काम आहे हे त्याला कळत नाही.

२०२१ मध्ये आलेल्या हार्पून या निओव्हिमच्या प्लगइनने हे मोजणेच टाकून दिले. कोणत्या चार-पाच फायली हाताशी हव्यात हे वापरणाऱ्याने स्वतः ठरवायचे, यादी त्या प्रकल्पापुरती ठेवायची आणि क्रमांकाच्या कळीने उडी मारायची. शिवाय फाइल जिथे सोडली होती तिथेच कर्सर परततो, त्यामुळे जुन्या खुणेची अडचणही उरत नाही. याला मागासलेपणा म्हणणारे आहेत. पण तिसऱ्या क्रमांकावर आज जी फाइल आहे तीच उद्याही राहणार, ही खात्री गुणांवर चालणारी यादी देऊ शकत नाही. २०२३ च्या अखेरीस हार्पून नव्याने लिहिले गेले, पण ते जुन्याच्या जागी न ठेवता वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या समांतर शाखेवर) ठेवल्यामुळे सेटिंगमध्ये ब्रँचचे नाव न लिहिणाऱ्याला जुनीच आवृत्ती मिळत राहिली.