गिअरबॉक्स चढवल्यावर तेल किती?

नागपुरात ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या, तसा एक समजही पक्का होत चालला आहे. उतरवलेला गिअरबॉक्स परत चढवला की पुस्तकात छापलेले लिटर मोजून ओतायचे आणि चावी मालकाच्या हातात द्यायची. इंजिन ऑइलला हा हिशेब बहुधा चालतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची फिरकी तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) गाडीत तो सहज फसतो आणि त्यात क्लच प्लेट जळतात. (एएमटी गाडीत, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने बदलणाऱ्या गाडीत, टॉर्क कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे ती इथे बाजूला ठेवू.)

गिअरबॉक्सची एकूण क्षमता ८ लिटर असली, तरी ड्रेन प्लग उघडल्यावर साधारण निम्मेच तेल खाली येते. बाकीचे कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहते. गिअरबॉक्स उतरवताना यातले किती सांडले, कन्व्हर्टर रिकामा केला की तसाच ठेवला, नवा बसवला का, यावर पुढचा आकडा ठरतो. छापील आकडा सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक आहे. खरी गोष्ट असते ती पातळी, आणि तीही चालू इंजिनवरची.

कारण सरळ आहे. गिअरबॉक्समधला तेलपंप कन्व्हर्टरच्या मानेने फिरतो, म्हणजे इंजिन फिरले तरच. बसवण्याआधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) ओतावे, म्हणजे पंप सुरुवातीलाच कोरडा फिरत नाही. मग खालच्या तेलपात्रात ४ लिटर ओतून इंजिन सुरू केले की काही सेकंदांत पंप ते ओढून कन्व्हर्टर भरतो आणि पातळी धाडकन उतरते. इंजिन चालू ठेवूनच पुढचे तेल घालायचे. ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी काही सेकंद थांबवायचा, म्हणजे प्रत्येक क्लचच्या पिस्टनमागची पोकळी भरते. मगच पातळी बघायची. होंडाच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मिनिटभरात बघतात, म्हणून ज्या त्या गाडीची पद्धत पाळावी.

आता या सगळ्यातला मला सर्वात आवडणारा भाग. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो. तेल जास्त झाले तर फिरणारे गिअर त्यात बुडतात आणि ते घुसळून फेस करतात. चुका उलट्या, पण परिणाम एकच: तेलात हवेचे बुडबुडे. ऑटोमॅटिकमध्ये क्लच दाबण्याचे काम तेलच करते, आणि ते जमते कारण तेल जवळपास दबतच नाही. दाब एका वातावरणाने (म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका) वाढवला तर शुद्ध तेलाचे आकारमान सुमारे १५,००० व्या भागाने घटते. आता त्यात फक्त १ टक्का हवा मिसळू. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम लावा: दाब १ वरून २ वातावरण झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, म्हणजे मिश्रण अर्ध्या टक्क्याने, २०० व्या भागाने आकसते. तेल सुमारे ७५ पट मऊ झाले! दाब चढत जातो तसे बुडबुडे चिरडले जाऊन हा मऊपणा घटतो. म्हणजे तो सर्वाधिक असतो नेमका पिस्टन हलायला लागतो त्या क्षणी, दाब कमी असताना. तेवढ्यात क्लच प्लेट एकमेकींवर घसरतात, तापतात, तेल करपते आणि त्याचा लाल रंग तपकिरी होतो.

दुरुस्तीनंतर क्लच पुन्हा घसरू लागले की नजर लागली म्हणून पुढे लिंबू-मिरची टांगणारे आहेत, आणि बाजारातल्या कुठल्याशा चमत्कारी बाटलीवर पैसे घालणारेही. तेलातला फेस दोन्हींनी जात नाही. डिपस्टिक काढून बघा, तिच्यावर बुडबुडे दिसतील.

राहिला प्रश्न तापमानाचा, आणि इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. तेल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के प्रसरण पावते. ४० अंशांवरून ९० अंशांवर गेल्यावर ८ लिटरचे पाव लिटरहून अधिक वाढते. म्हणूनच काही डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत खाली ओव्हरफ्लो प्लग असतो: तेल ४० अंशांच्या आसपास असताना तो उघडायचा, धार बारीक होऊन थेंबावर आली की पातळी बरोबर. अंशांचा पट्टा कंपनीगणिक बदलतो, आणि तेलाचे तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर) वाचायचे. मे महिन्यात दुपारी गॅरेजबाहेर उभ्या गाडीचे तेल इंजिन सुरू करण्याआधीच ४२-४३ अंशांवर असते. प्लग उघडेपर्यंत पट्टा ओलांडलेला असतो, फुगलेले तेल ओसंडून जाते आणि गाडी थंड झाल्यावर तेल कमी भरते. हे काम पहाटे, पारा तिशीच्या आसपास असताना करावे. थोडी चक्कर मारून आणल्यावर गाडी निवू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पातळी पुन्हा बघावी, कारण कूलरच्या नळ्यांत अडकलेली हवा तोवर बाहेर पडलेली असते आणि तिची जागा तेलाने घेतलेली असते.