पार्श्वभूमी : हद्द कुणाची, टॉवर कुणाचा?

अमेरिकेत ९११ हा आणीबाणीचा नंबर लावला की बऱ्याच ठिकाणी पलीकडून पहिला प्रश्न 'काय झालंय' असा येत नाही, 'कुठे आहात' असा येतो. मध्येच आवाज तुटला तरी पत्ता हातात असेल तर गाडी निदान निघू शकते. फोन भिंतीवरून खिशात आला, तसतसा या प्रश्नाचा मान वाढत गेला.

पहिला ९११ कॉल १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात लागला. बलाढ्य एटी अँड टीने महिनाभर आधी या नंबरची घोषणा केली होती, पण स्थानिक टेलिफोन कंपनीने बाजी मारली. विधानसभेचे सभापती रँकिन फाइट नगरपालिकेतून बोलले आणि पोलिस ठाण्यातला लाल फोन खासदार टॉम बेव्हिल यांनी उचलला. आग नव्हती, अपघात नव्हता, नुसता शुभारंभ.

तारेच्या फोनचं गणित सरळ होतं. तार ज्या एक्सचेंजला, कॉल तिथल्या केंद्राला, म्हणजे ९११चे फोन उचलणाऱ्या कचेरीला. भानगड एवढीच, की एक्सचेंजचा परिसर आणि पोलिसांची हद्द जुळायचीच असं नाही. यावर १९७०च्या दशकात तोडगा निघाला : प्रत्येक नंबरापुढे पत्ता, पत्त्यापुढे केंद्र, असा तक्ता करायचा आणि कॉल आला की यंत्राने तो बघून योग्य ठिकाणी पाठवायचा. रस्तान् रस्ता आणि घरांचे नंबर भरून केलेलं हे काम म्हणजे आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखंच चिवट. ते चाललं, कारण फोन जागचा हलत नव्हता.

१९८३मध्ये शिकागोत व्यावसायिक सेल्युलर सेवा सुरू झाली आणि मोबाइलपुरता या पत्त्यांच्या तक्त्याला काही अर्थ उरला नाही. सुरुवातीचे फोन गाडीत असायचे. कॅलिफोर्नियात तर मोबाइलवरचे ९११ कॉल वर्षानुवर्षं हायवे पेट्रोल या महामार्ग पोलिसांकडेच जात. फोन गाडीत, गाडी रस्त्यावर, म्हणजे कॉल रस्त्यावरच्या पोलिसांचा, हा हिशेब त्या काळापुरता ठीक होता. पुढे लोक स्वयंपाकघरातूनही मोबाइलवरून बोलू लागले.

१९९६मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने दोन टप्पे आखून दिले. १९९८पर्यंत केंद्राला कॉल करणाऱ्याचा नंबर आणि टॉवर दिसला पाहिजे; २००१पर्यंत अक्षांश-रेखांश, तेही ६७ टक्के कॉलमध्ये १२५ मीटरच्या आत. हे आकडे नंतर बदलले, मुदतीही लांबल्या. पण खरी मेख वेगळीच होती.

टॉवरला साधारण तीन तोंडं असतात, प्रत्येक १२० अंशांकडे बघणारं. तुम्ही ९११ लावला की ज्या तोंडाने कॉल पकडला, त्याच्या नावाचा एक तात्पुरता, नकली नंबर त्या कॉलला चिकटतो. कॉलची वाट ठरवणारं यंत्र, राउटर, तो नंबर तक्त्यात शोधतो. हे तोंड अमुक केंद्राचं, असं तिथे आधीच ठरवून ठेवलेलं असतं आणि कॉल तिकडे जातो. तुमचा मूळ नंबर कुठला याला इथे महत्त्व नाही. पुण्याहून मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आजोबांनी रोमिंगवरच्या भारतीय सिमवरून ९११ लावला तरी तो पुण्याला येत नाही, तिथल्याच केंद्रात जातो.

तोंड ठरायला क्षणभर लागतो. नेमकं ठिकाण कळायला मात्र पंचवीस-तीस सेकंदही लागू शकत. तेवढा वेळ कॉल ताटकळत कोण ठेवणार? म्हणून आधी कॉल पाठवायचा, ठिकाण मागाहून. शहराच्या मध्यभागी हे खपून जातं. काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) सीमेवर किंवा नदीकाठी मात्र पलीकडच्या काठाचा टॉवर कॉल उचलतो आणि तो शेजारच्या केंद्रात पडतो. मग 'थांबा, जोडून देते' म्हणत बदली आणि पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य आपल्याला पाठ आहे. इथे ते कुणाच्या आळसातून येत नाही, रेडिओलहरींना हद्द कळत नाही म्हणून येतं.

सुटका फोनकडूनच झाली. आणीबाणीचा कॉल लागताच हँडसेटने स्वतःच आपलं ठिकाण काढून पाठवायचं, ही पद्धत २०१४मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. २०१६मध्ये गूगलने तशी सोय अँड्रॉइडमध्ये आणली. फोनला ठिकाण सेकंदांत कळू लागल्यावर टॉवरवर विसंबायचं कारण संपलं. तरीही एफसीसीचा नियम यायला जानेवारी २०२४ उजाडलं : ठिकाण १६५ मीटरच्या परिघात, ९० टक्के खात्रीने कळत असेल, तर कॉल त्यावरूनच पाठवायचा, नाही तर जुनी रीत.

भारताने वाट वेगळी धरली. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या घटनेनंतर आणीबाणीसाठी एकाच नंबराची मागणी जोर धरू लागली. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने २०१५मध्ये ११२ची शिफारस केली आणि २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात तो सर्वांत आधी सुरू झाला. २०१६च्या नियमाने फोनवर पॅनिक बटणही सक्तीचं झालं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा.

महाराष्ट्रात २०२१पासून ११२ चालू आहे. इथे केंद्राची निवड टॉवरवर सोडलेली नाही. कॉल नवी मुंबई किंवा नागपूरच्या राज्यस्तरीय केंद्रात जातो, तिथून माहिती जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला आणि पुढे पोलिस गाडीतल्या स्क्रीनवर. त्यामुळे कॉल शेजारच्या जिल्ह्यात पडायची भीती कमी. पण फोन उचलणारीला तुमचं गाव माहीत असेलच असं नाही. लोकेशन नीट आलं नाही आणि तुम्ही सांगितलंत, 'मारुतीच्या देवळामागे', तर तिला पुन्हा विचारावंच लागतं : कुठल्या गावच्या?