ब्रूमची ओहोटी आणि गाळातली विमानं

वायव्य ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावासमोर रोबक बे हा उथळ उपसागर आहे. वर्षातले मोजके दिवस तिथलं पाणी इतकं मागे हटतं की किनाऱ्यावरून किलोमीटरभर चिखल तुडवत चालत गेलं तर गाळातून वर आलेली विमानाची इंजिनं दिसतात. पंखांचे सांगाडे, कालवं चिकटलेले पत्रे, वाकलेले पाइप. ही विमानं आकाशातून कोसळलेली नाहीत. नांगर टाकून पाण्यावर उभी असतानाच ती जळाली.

तारीख होती ३ मार्च १९४२. जपानी फौजा जावा बेटावर उतरल्या होत्या आणि डच वसाहतीचे शेवटचे दिवस उरले होते. डच नौदलाच्या फ्लाइंग बोटी माणसांना घेऊन हजार किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडत ऑस्ट्रेलियाकडे येत होत्या. त्यांत विमानांवरच्या नौसैनिकांची बायकामुलंही होती. ब्रूमला इंधन भरायचं आणि पुढे दक्षिणेला जायचं, असा बेत. त्या सकाळी उपसागरात पंधरा फ्लाइंग बोटी होत्या. निम्म्याहून जास्त डच नौदलाच्या, बाकीच्या ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन.

फ्लाइंग बोट म्हणजे चाकांऐवजी पोटावर उतरणारं विमान. तिचं धडच बोटीसारखं असतं. धावपट्टी नको, शांत पाणी पुरे, म्हणून बेटांच्या त्या प्रदेशात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नव्हतं. पण पाण्यावरून उडणं सोपं नाही. बोटीच्या गोलाईदार तळाला वाहतं पाणी चिकटतं आणि तिला खाली ओढून धरतं. त्यासाठी तळाच्या मधोमध एक पायरी ठेवतात. वेग वाढला की पाणी त्या पायरीच्या कडेवरून सुटतं, मागच्या भागाखाली हवा शिरते, आणि बोट पाणी कापायचं सोडून त्यावर घसरू लागते. मग पंख तिला उचलू शकतात. समुद्र आरशासारखा शांत असेल तर सुटायला उलट जास्त त्रास होतो. बारीक लाटा असल्या की तळाखाली हवा मिसळते आणि पकड लवकर सुटते.

ब्रूमला आलेल्या डच बोटी दोन जातींच्या होत्या. अमेरिकन कॅटलिना आणि तीन इंजिनांची डॉर्निअर. कॅटलिनाचा पंख सुमारे ३२ मीटर लांब, धडाच्या वर एका खांबावर बसवलेला. इंजिनंही तिथेच, उडणाऱ्या तुषारांपासून दूर. पंखांच्या टोकांना तोल सांभाळणारे तरंगे असत. उडाल्यावर ते दुमडून पंखाचीच टोकं बनत. डॉर्निअरला तरंगे नव्हते. तिच्या धडाच्या दोन्ही बाजूंना पाण्यालगत जाड, आखूड पंखोटे होते, त्यांवर ती तोल धरून बसे.

हवेत असताना चपळ नसली तरी ही विमानं निदान बंदुका रोखून लढू शकत. नांगरावर मात्र ती पत्र्याच्या पिंपांसारखी होती, पेट्रोलने भरलेली.

आणि इथे ब्रूमचा समुद्र गोष्टीत येतो. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो. ब्रूमला तो दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. कारण ऑस्ट्रेलियाच्या त्या बाजूला समुद्राचा उथळ तळ फार दूरवर पसरला आहे. खोल महासागरातून येणारी भरतीची लाट त्या उथळावर चढताना मंदावते आणि उंच होते. आपल्याकडे खंबातच्या आखातात पाणी असंच फुगतं. तिथे आखाताचा आत निमुळता होत जाणारा आकारही हातभार लावतो.

३ मार्चला पौर्णिमा होती. आपल्याकडे फाल्गुन पौर्णिमा, होळीचे दिवस. त्याच दिवशी खग्रास चंद्रग्रहणही होतं. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र अगदी एका ओळीत. शिवाय मार्चमध्ये सूर्य विषुववृत्ताजवळ असतो, म्हणून या महिन्यातली उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात. पाणी आठ-दहा मीटर वर-खाली होणाऱ्या ठिकाणी होडीने माणसं किनाऱ्यावर नेणं अवघड. गावातही एवढ्या जणांना जागा नव्हती. म्हणून बायकामुलं विमानांतच थांबली.

सकाळी साडेनऊच्या सुमारास तिमोर बेटावरून जपानची नऊ झिरो लढाऊ विमानं आली. तासाभरात पंधराही फ्लाइंग बोटी नष्ट झाल्या. माणसांनी पाण्यात उड्या मारल्या, पण पेट्रोल पाण्याहून हलकं असतं. ते पृष्ठभागावर पसरून जळत होतं. किमान ८८ माणसं गेली. कित्येकांची ओळखही पटली नाही. डच मृतांना आधी ब्रूमला पुरलं, युद्धानंतर पर्थच्या काराकाटा दफनभूमीत हलवलं.

मला सर्वांत जास्त हलवतं ते हे की मृतांच्या यादीत एकाच आडनावाची माणसं एकाखाली एक येतात. युद्धाच्या स्मारकावर सहसा सैनिकांचीच नावं असतात. इथे त्यांच्या शेजारी लेकरांची आहेत.

ती विमानं अजून टिकली कशी? त्यांच्या पत्र्यात ॲल्युमिनिअमबरोबर थोडं तांबं असे. तांब्याने धातू बळकट होतो, पण खाऱ्या पाण्यात लवकर खचतो. ॲल्युमिनिअमवर आपोआप जमणारा ऑक्साइडचा पातळ थर एरवी त्याला जपतो. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड त्याला बारीक भोकं पाडतो, आणि जिथे पोलादाचे बोल्ट चिकटलेले असतात तिथे विद्युतरासायनिक झीज वेगाने होते. म्हणून पातळ पत्रा झडला, जाड भाग उरले. जे गाळाखाली गेलं ते बरंच शाबूत राहिलं, कारण खोल गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो.

या अवशेषांना आज कायद्याचं संरक्षण आहे. त्यांतला एक स्क्रूही उचलायचा नाही, आणि ते योग्यच आहे. ३ मार्चला ब्रूममध्ये स्मरण होतं, नेदरलँड्सहूनही नातवंडं-पतवंडं आली आहेत. पण विमानांपर्यंत जायचं तर स्मरणदिनाचं कॅलेंडर पुरत नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं लागतं. त्या सकाळी ज्या पाण्यामुळे त्यांची माणसं किनाऱ्यावर येऊ शकली नाहीत, तेच पाणी मागे सरलं की वारसांना वाट मिळते. ती उघडी राहते थोडा वेळ. सपाट चिखलावर पाणी माणसाच्या चालीने परत येतं, म्हणून ओहोटी तळाला पोचायच्या आधीच निघायचं, इंजिनाजवळ काही क्षण उभं राहायचं, आणि पाणी वळायच्या आत किनाऱ्याची वाट धरायची.