रँग्लर आणि तर्कतीर्थ

मराठीत विद्वानांच्या नावाआधी लागणाऱ्या दोन पदव्या घरोघरी माहीत आहेत. रँग्लर परांजपे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. पहिली गणिताची, केंब्रिजच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना मिळणारी. दुसरी न्यायशास्त्राची, म्हणजे तर्काच्या भारतीय शास्त्राची, कलकत्त्याच्या संस्कृत परीक्षेतून मिळालेली. दोन्ही एकाच नावाआधी लागलेल्या मी तरी कधी ऐकल्या नाहीत.

हे ध्यानात आलं ते ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका मुलीमुळे. गणितात बीएस्सी झाली आणि पुढचं विचारायला घरी आली. म्हणाली, "काका, मँचेस्टरला 'शुद्ध गणित आणि तर्कशास्त्र' अशी एमएस्सी आहे. आपल्याकडे हे दोन विषय एकत्र का शिकवत नाहीत?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायला बरंच मागे जावं लागतं.

तर्काचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात गणपतीच्या हातातला परशू म्हणजे तर्क, असं रूपक आहे. न्यायसूत्रांनी अनुमानाचे पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. चौदाव्या शतकात गंगेशाच्या 'तत्त्वचिंतामणी'पासून नव्यन्यायाची परंपरा जोरात सुरू झाली आणि तिने इतकी काटेकोर भाषा घडवली की ती शिकण्यातच पंडितांची वर्षं जात. पण या शास्त्राला ध्यास होता तो खरं ज्ञान कसं होतं याचा. गणित ज्योतिषाबरोबर, पंचांगाबरोबर चाललं. पाठशाळेतच दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या.

युरोपातही तर्कशास्त्र दोन हजार वर्षं तत्त्वज्ञांच्या ताब्यात होतं. ते गणिताकडे आलं 1847 साली. त्या एकाच वर्षी जॉर्ज बूल आणि ऑगस्टस डी मॉर्गन या दोघांची तर्काला बीजगणितासारखं हाताळणारी पुस्तकं निघाली. डी मॉर्गन जन्मला मदुराईला, 1806 मध्ये, आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. बारावी सायन्सच्या आपल्या मुलांना तो पहिल्याच धड्यात भेटतो. 'आणि'चा नकार केला की 'किंवा' होतो, हा त्याचा नियम.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. तर्कशास्त्र तत्त्वज्ञानाचं भावंड म्हणून कलाशाखेत बसलं आणि तिथेच राहिलं. आजही राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला कला शाखेत 'तर्कशास्त्र' हा स्वतंत्र विषय आहे, आणि बारावीच्या गणिताचं पहिलं प्रकरण आहे 'मॅथेमॅटिकल लॉजिक'. एकाच ज्युनिअर कॉलेजात एका मजल्यावर तत्त्वज्ञानाच्या मॅडम ट्रुथ टेबल, म्हणजे विधान केव्हा खरं आणि केव्हा खोटं याचा तक्ता, शिकवतात, दुसऱ्या मजल्यावर गणिताचे सर तेच टेबल काढतात, आणि दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांचा पत्ता नसतो. मला याचं फार वाईट वाटतं.

गणिताचा आदर्श एकोणिसाव्या शतकाअखेर केंब्रिजची ट्रायपॉस ही परीक्षा झाली होती. 1899 साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथे सीनिअर रँग्लर, म्हणजे परीक्षेत अव्वल, झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्राला झालेला तो आनंद अगदी रास्त होता. पण त्या परीक्षेत कस लागायचा तो वेगाचा आणि अवघड उदाहरणं सोडवण्याच्या हातोटीचा. 'सिद्धता म्हणजे नेमकं काय' हा प्रश्न त्यात कुठून येणार? आपल्याकडे गणित म्हणजे उदाहरणं सोडवणं, ही समजूत पक्की व्हायला त्याचा हातभार लागला, असं माझं मत आहे.

तो प्रश्न विचारला जात होता दुसरीकडे. बर्ट्रंड रसेल हाही रँग्लरच, 1893 चा सातवा. जे संच स्वतःचेच घटक नाहीत त्या सर्वांचा मिळून एक संच केला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? दोन्ही उत्तरांतून विसंगती निघते. रसेलने हे 1902 मध्ये फ्रेगेला पत्राने कळवलं आणि गणिताचा पाया तर्कावर बांधू पाहणाऱ्या त्या माणसाच्या कामालाच तडा गेला. मग जर्मन गणिती हिल्बर्टने पाया पुन्हा भरून काढायचा कार्यक्रम आखला. 1931 मध्ये तर्कशास्त्रज्ञ गोडेलने दाखवलं की अंकगणित मावेल अशी कुठलीही सुसंगत, नियमांत बसवलेली व्यवस्था घेतली तरी काही विधानं अशी उरतातच, जी तिच्यात सिद्धही होत नाहीत आणि खोटीही ठरवता येत नाहीत.

मँचेस्टर या गोष्टीत येतं ते मॅक्स न्यूमन या गणितज्ञामुळे. केंब्रिजला त्याच्या व्याख्यानांतून संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या तरुण ट्यूरिंगला हिल्बर्टचा निर्णयप्रश्न कळला (कुठलंही विधान सिद्ध होतं की नाही हे ठरवणारी एखादी यांत्रिक रीत आहे का?) आणि 1936 मध्ये ट्यूरिंगने त्याचं नकारार्थी उत्तर दिलं. युद्धानंतर न्यूमन मँचेस्टरला गणिताचा प्रमुख झाला आणि 1948 मध्ये ट्यूरिंगही तिथे गेला. साठच्या दशकात ट्यूरिंगचा विद्यार्थी रॉबिन गँडी तिथेच शिकवत होता. म्हणजे तर्कशास्त्र त्या शहरात गणित विभागातच वाढलं. आपल्याला मँचेस्टर आठवतं ते कापडासाठी. इचलकरंजीलाही आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो. तिथल्या गणिताची ही बाजू मलाही फार उशिरा कळली.

मुंबईत असं होऊ शकलं असतं का? 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. गणिती दामोदर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या दिवसांनंतर तिथे आले, मग गणिती के. चंद्रशेखरन यांनी जगभरातले गणिती व्याख्यानांना बोलावून, त्यांची टिपणं विद्यार्थ्यांकडून लिहवून घेत एक दर्जेदार घराणं घडवलं. त्या घराण्याचा सूर होता संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), बैजिक भूमिती आणि ली गट, अशा गणिताच्या शाखांचा. जिथे सर्वोत्तम गणित झालं तिथे तर्कशास्त्राचा गट काही उभा राहिला नाही, आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रम अशाच संस्थांकडे बघून ठरतात. आपल्याकडे तर्कशास्त्राला आसरा मिळाला तो नंतर, संगणकशास्त्रात. प्रोग्रॅम बरोबर चालतो हे सिद्ध करायचं तर तर्कशास्त्राशिवाय गत्यंतर नाही. आयआयटी मुंबईत 2005 मध्ये तर्कशास्त्र आणि त्याचं इतर विषयांशी नातं यावर परिषद भरली आणि तिथून दर दोन वर्षांनी भरणारी भारतीय परिषदांची मालिका सुरू झाली. पवई ठाण्यापासून फार लांब नाही.

या ताटातुटीचा तोटा वर्गात दिसतो. मी त्या मुलीला विचारलं, "'ठाण्याहून सुटणारी प्रत्येक लोकल उशिरा सुटते' याचा नकार काय?" ती पटकन म्हणाली, "एकही उशिरा सुटत नाही." मग थांबली, आणि स्वतःच दुरुस्त केलं, "एक तरी लोकल अशी असते, जी उशिरा सुटत नाही." पुढचं विचारलं. 'प्रत्येक गाडीला एक मोटरमन असतो' आणि 'एक मोटरमन आहे, जो प्रत्येक गाडीला असतो'. शब्द तेच, क्रम बदलला की अर्थाची वाट लागते. एमएस्सीच्या अ‍ॅनालिसिसमध्ये सातत्य आणि एकसमान सातत्य यांतला फरक नेमका हाच आहे: डेल्टा, म्हणजे बिंदूच्या किती जवळ राहायचं ते अंतर, प्रत्येक बिंदूला वेगळा चालेल, की सगळ्या बिंदूंना एकच हवा. हुशार मुलं या ठिकाणी अडकतात, कारण 'प्रत्येक' आणि 'किमान एक' यांच्या क्रमाचं शास्त्र त्यांना कुणी नीट बसून शिकवलेलंच नसतं.

आज ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांना शुद्ध गणितासाठी वाटा आहेत. कुर्ल्याला उतरून कलिन्याचा विद्यापीठाचा गणित विभाग, त्याच आवारात 2007 पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, जॅम ही एमएस्सीची देशव्यापी प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी, नाहीतर त्यांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा देऊन चेन्नईची सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) किंवा आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था). तर्कशास्त्र बहुतेक ठिकाणी फार तर एखाद्या पेपराचा तुकडा, किंवा संगणकशास्त्राच्या बाजूने घेतलेला ऐच्छिक विषय.

तिने कलिन्याला प्रवेश घेतलाय. प्रकल्पासाठी तिला मी रॅम्सेचं प्रमेय सुचवलं. त्याचं सगळ्यात साधं रूप असं: मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर कुठलीही सहा माणसं बसवा. त्यांत तिघं एकमेकांच्या ओळखीचे तरी निघतील, नाहीतर तिघं परस्परांना अनोळखी तरी. हे कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे मोजणीचं गणित झालं, गणित विभागात सहज चालेल. पण मँचेस्टरच्या जेफ पॅरिसने लिओ हॅरिंग्टनबरोबर 1977 मध्ये याच प्रमेयाच्या सांत, म्हणजे मर्यादित वस्तूंच्या, रूपात एक छोटी जादा अट घातली, आणि जे विधान तयार झालं ते खरं असूनही पेआनोच्या अंकगणितात, म्हणजे नैसर्गिक संख्यांच्या नेहमीच्या नियमांच्या व्यवस्थेत, सिद्धच होत नाही. गोडेलने 1931 मध्ये म्हटलं होतं ते असं साध्या मोजणीच्या प्रश्नात उतरलं. तिने वही उघडून सहा ठिपके काढले आणि लाल-निळ्या पेनांनी रेघा जोडायला लागली.